जुन्या व्हॅनचा गिअर लिव्हर ढिला झाला असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हॅन पंचवीस वर्षांहून जुनी आहे. गिअर लिव्हर न्यूट्रलमध्ये चार बोटे इकडे-तिकडे हलतो. दुसरा टाकायला जावे तर कधी चौथा पडतो. रिव्हर्स दोन-तीन प्रयत्नांनंतर सापडतो. आणि उतारावर एक्सिलरेटरवरचा पाय काढला की तिसरा गिअर निसटून लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो. गाडी पाहणाऱ्याने गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल असे सांगितले आहे आणि ते खरोखर आवश्यक आहे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

माझे उत्तर असे की गिअरबॉक्सला इतक्यात हात लावू नका. तुम्ही सांगितलेल्या चार लक्षणांपैकी पहिली तीन बहुधा लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या लिंकेजच्या, म्हणजे रॉड आणि सांध्यांच्या जोडणीच्या, झिजेची आहेत. चौथे लक्षण आतले असू शकते आणि बाहेरचेही; त्याचा निवाडा कसा करायचा ते पुढे सांगतो. माझ्याकडे एकदा अशी एक व्हॅन आली होती, जिचा गिअरबॉक्स आधी दोनदा उतरवून, सिंक्रो रिंगा (गिअर पडताना दोन्ही भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) बदलून पुन्हा चढवलेला होता आणि तरीही दुसरा गिअर पूर्वीसारखाच चुकत होता. गाडीखाली गेल्यावर दिसले की लांब रॉडच्या मधल्या बुशचा, म्हणजे रॉडला आधार देणाऱ्या नळीसारख्या कड्याचा, केवळ एक तुकडा ब्रॅकेटमध्ये उरला होता आणि रॉड पत्र्याच्या उघड्या भोकात लोंबकळत होता. एक बुश बदलल्यावर ती तक्रार संपली. मालकाने दोन वेळा जो खर्च आणि खोळंबा सोसला त्याचे मला आजही वाईट वाटते, आणि म्हणूनच हे उत्तर जरा विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम हे लिंकेज करते काय, ते नीट लक्षात घेऊ. मागच्या चाकांना गती देणाऱ्या पुष्कळ जुन्या मोटारींत लिव्हर थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवलेला असतो, त्यामुळे हात आणि गिअर यांच्यामध्ये झिजण्यासारखे फारसे काही नसते. पुष्कळ व्हॅनमध्ये मात्र चालक पुढच्या चाकांवर किंवा त्यांच्याही पुढे बसतो आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे कुठेतरी असतो. १९५० साली उत्पादन सुरू झालेल्या फोक्सवॅगन टाइप २ या व्हॅनमध्ये तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मागच्या टोकाला होते, त्यामुळे लिव्हरची हालचाल तळाखालून लांबच लांब रॉडने मागे न्यावी लागली; १९७९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीतही इंजिन मागेच राहिले आणि त्याबरोबर तो लांब रॉडही राहिला. इतर व्हॅनमध्ये रॉड आखूड असेल, एकाऐवजी दोन असतील, मध्ये हालचालीची दिशा वळवणारा एखादा कोपऱ्याचा लिव्हर असेल, पण तत्त्व तेच असते. एका रॉडच्या रचनेत लिव्हर पुढे-मागे केला की रॉड सरकतो आणि गिअर पडतो. लिव्हर डावी-उजवीकडे नेला की तोच रॉड स्वतःभोवती काही अंशांतून फिरतो आणि त्यातून गेट, म्हणजे समोरासमोरच्या दोन गिअरची ओळ, निवडला जातो.

या दोन हालचाली वेगळ्या ठेवून विचार केला, तर निम्मे निदान खुर्चीवर बसल्या बसल्याच होते. सरकण्यात खेळ, म्हणजे सैलपणामुळे येणारी मोकळी हालचाल, आला असेल तर गिअर अर्धवट पडतो, लिव्हर शेवटपर्यंत ढकलूनही 'बसला' असे वाटत नाही आणि पुढे तो निसटतो. फिरण्यात खेळ आला असेल तर गेट चुकतो, म्हणजे दुसऱ्याऐवजी चौथा पडतो किंवा रिव्हर्स सापडत नाही. तुमच्या व्हॅनमध्ये दोन्ही प्रकार दिसतात, म्हणून झीज एका नव्हे तर अनेक सांध्यांत असण्याची शक्यता जास्त आहे.

सांध्यांचा खेळ बेरजेने वाढतो आणि त्या बेरजेचा लिव्हरमुळे गुणाकार होतो. समजा, लिव्हरची मूठ त्याच्या टेकूपासून ३०० मिमी वर आहे आणि रॉडला जोडलेले खालचे टोक टेकूच्या ५० मिमी खाली आहे. मग खालचा १ मिमी खेळ मुठीशी ६ मिमी होऊन येतो. वाटेत चार सांधे असतील आणि प्रत्येकात केवळ पाऊण मिलिमीटर खेळ असेल, तरी बेरीज ३ मिमी होते आणि मूठ १८ मिमी मोकळी हलते. या चारपैकी कोणताही सांधा सुटा हातात घेऊन पाहिला, तर 'एवढे चालेल' असेच वाटते. गाडी पाहणारा माणूस एकेक सांधा हलवून बघतो, प्रत्येकाला ठीक म्हणतो आणि मग दोष गिअरबॉक्सवर ढकलतो, तो नेमका यामुळे. दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या आणि आत गिअर टाकणाऱ्या शाफ्टची न्यूट्रलपासून गिअरपर्यंतची हालचाल मुळातच सेंटीमीटरच्या आसपास असते. तिच्यातला एखादा मिलिमीटर वाटेत हरवला तरी गिअरच्या दातांची पकड तेवढी कमी होते.

आता तपासणी. पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून करा. सपाट जागेवर, हँडब्रेक लावून, क्लच दाबून सगळे गिअर एकामागून एक टाकून पाहा. इंजिन बंद असताना एखादा गिअर दातावर दात आल्यामुळे अडू शकतो. अशा वेळी क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा, किंवा हँडब्रेक सोडून गाडी बोटभर पुढे-मागे करा आणि मगच निष्कर्ष काढा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि सुरू केल्यावर जड जातात किंवा करकरतात, असे असेल तर दोष क्लच पूर्ण न सुटण्याचा आहे. त्याची केबल सैल झाली असेल किंवा त्याच्या तेलाच्या नळीत हवा शिरली असेल. खात्रीसाठी इंजिन सुरू ठेवून क्लच पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून क्लच किंचित जरी चिकटत असला तरी रिव्हर्स लगेच करकरून सांगतो. चालत्या गाडीत फक्त तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना आवाज होत असेल आणि दोनदा क्लच दाबून सावकाश टाकल्यास होत नसेल, तर सिंक्रो रिंग झिजली आहे. करकरणारा गिअर आणि न सापडणारा गिअर या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि तुमच्या वर्णनात करकरण्याचा उल्लेख कुठेच नाही.

दुसरी तपासणी गाडीखालची आहे. पुढचे सगळे काम करताना गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये राहणार आहे, म्हणजे गाडी गिअरमध्ये अडकवून ठेवण्याचा नेहमीचा आधार तुम्हाला मिळणार नाही. त्यामुळे चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी भक्कम स्टँडवर टेकवा आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नका. सायलेन्सरचे पाइप थंड होऊ द्या, चावी काढून खिशात ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा लावा, कारण तळाला चिकटलेली वर्षानुवर्षांची माती पहिल्याच धक्क्याला तोंडावर येते.

मदतनिसाला चालकाच्या जागेवर बसवा आणि त्याला लिव्हर न्यूट्रलमध्ये, फक्त मोकळा हलतो तेवढाच, अगदी सावकाश पुढे-मागे करायला सांगा. तुम्ही गिअरबॉक्सच्या टोकापासून सुरुवात करून एकेका सांध्यावर बोट आडवे ठेवा. बोटाचे पेर सांध्याच्या दोन्ही भागांवर एकाच वेळी टेकले पाहिजे. बोट वरून टेकवायचे, फटीत घालायचे नाही. सांधा चांगला असेल तर दोन्ही भाग बोटाखालून एकदमच सरकतात. झिजलेला असेल तर एक भाग सरकतो, दुसरा क्षणभर स्थिर राहतो आणि मग बारीकसा 'टक्' देऊन मागोमाग येतो. हा 'टक्' डोळ्यांना दिसत नाही, विशेषतः सांध्यावर ग्रीस आणि मातीचा थर असला की मुळीच दिसत नाही. पण बोटाला पाव मिलिमीटरसुद्धा कळतो. पुढे-मागे झाले की हीच तपासणी लिव्हर डावी-उजवीकडे हलवून पुन्हा करा. ज्या सांध्यात खेळ सापडेल त्याच्या दोन्ही भागांवर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढा, लिव्हर एका टोकाला आणि मग दुसऱ्या टोकाला नेल्यावर रेघ किती तुटते ते मोजा आणि आकडा लिहून ठेवा. सगळ्या आकड्यांची बेरीज लिव्हरच्या खालच्या टोकाच्या मोकळ्या हालचालीशी साधारण जुळली, तर तुम्हाला सगळी झीज सापडली आहे. जुळली नाही, तर एखादा सांधा नजरेतून सुटला आहे.

तिसरी तपासणी निर्णायक आहे. गिअरबॉक्सच्या शाफ्टपासून रॉड सोडवा. सोडवण्यापूर्वी रॉड आवळून धरणारा क्लॅम्प आणि शाफ्ट यांच्यावर एकमेकांसमोर टोकदार अवजाराने खूण करायला विसरू नका. मग शाफ्टला जाड कापड गुंडाळून पकडीने धरा आणि हातानेच तो सरकवून व फिरवून प्रत्येक गिअर टाकून पाहा. आत स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी खाचेत बसते, तेव्हा हाताला स्पष्ट टप्पा जाणवला पाहिजे आणि गेटही स्वच्छ वेगळे लागले पाहिजेत. सगळे टप्पे असे मिळाले, तर गिअर चुकण्याच्या तक्रारीतून गिअरबॉक्स मोकळा झाला. शाफ्ट बाहेर येतो त्या जागी तो आडवा डुगडुगत असेल किंवा तिथून तेल झिरपत असेल तर तिथला बुश आणि सील बदलावे लागतील, पण पुष्कळ गाड्यांत ते कामही गिअरबॉक्स न उघडता होते.

झीज कुठे सापडेल, हे अनुभवावरून सांगायचे तर सर्वांत आधी रॉडच्या मधल्या आधाराच्या बुशमध्ये. हा प्लॅस्टिकचा किंवा नायलॉनचा असतो, गाडीच्या सांगाड्याच्या आडव्या पट्टीच्या भोकात बसवलेला असतो आणि कालांतराने ठिसूळ होऊन तुकड्यांनी गळून पडतो. तो गेला की रॉड खाली लोंबतो, त्याचा कोन बदलतो आणि गेट चुकू लागतो. नवा बुश घालण्यापूर्वी रॉड स्वच्छ पुसून, बुशच्या जागी आणि तिथून साधारण १०० मिमी बाजूला, अशा दोन ठिकाणी व्हर्निअरने मोजा. बुश तुटल्यावर रॉड पत्र्यावर घासत राहिला असेल तर तिथे खाच पडलेली असते. फरक पाव मिलिमीटरहून जास्त असेल तर त्या जागी बाही चढवावी किंवा रॉडच बदलावा, कारण खाचेवर बसवलेला नवा बुश काही महिन्यांतच पुन्हा सैल होतो. पत्र्याच्या भोकाची कडही बोटाने चाचपून पाहा. घासून घासून तिला धार आलेली असते आणि ती धार गोल कानशीने मोडली नाही, तर नवा बुश बसवतानाच कापला जातो. नायलॉनचा बुश घट्ट जात असेल तर काही मिनिटे गरम पाण्यात ठेवा. तो पुरेसा लवचीक होतो आणि हातोडी मारण्याची वेळ येत नाही.

मूळ बुश मिळत नसेल तर लेथवर करून घेता येतो, मात्र पदार्थ विचारपूर्वक निवडा. नायलॉन हवेतली आणि पावसाची ओल शोषून फुगते, म्हणून २० मिमीच्या रॉडसाठी मी नायलॉनमध्ये २० ते ३० शतांश मिलिमीटरची मोकळीक ठेवतो. अ‍ॅसिटल प्लॅस्टिक फारच कमी ओल शोषते, त्यात १० ते १५ शतांश पुरतात. पुष्कळजण 'कायमचे काम' म्हणून पितळेचा बुश बसवतात, त्याच्याशी मी सहमत नाही. गाडीचा सांगाडा चालताना किंचित पिळवटत असतो, तो पीळ प्लॅस्टिक सोसते आणि पितळ सोसत नाही. रॉड जड चालतो, इंजिनाची थरथर लिव्हरपर्यंत येते आणि उघड्यावरच्या ग्रीसमध्ये धूळ मिसळली की बुशऐवजी रॉडच झिजू लागतो. पितळेची योग्य जागा म्हणजे कोपऱ्याच्या लिव्हरचा टेकू, जिथे हालचाल एकाच अक्षावर आहे आणि वेळोवेळी ग्रीस भरण्याची सोय आहे.

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे गिअरबॉक्सजवळचा जोड. यात काही गाड्यांत रबरी किंवा नायलॉनचे तुकडे असतात, ते संचच्या संच बदलावेत. हा जोड शाफ्टवर टोकदार ग्रब स्क्रूने (शाफ्टवर टोक दाबून धरणाऱ्या छोट्या स्क्रूने) बांधलेला असेल, तर त्या स्क्रूचे टोक शाफ्टवरच्या खोलगट खाचेतच बसले पाहिजे. बाजूला बसले तर सुरुवातीला सगळे ठीक वाटते आणि काही दिवसांनी रॉड शाफ्टवर घसरून गिअर अचानक नाहीसे होतात. स्क्रू घट्ट केल्यावर तो तारेने बांधण्यासाठी भोक दिलेले असते, ते शोभेसाठी नाही.

बुश आणि जोड बदलणे सोपे आहे; खरी कारागिरी लागते ती लंबगोल झालेल्या पिनच्या भोकांना. रॉडच्या टोकाला असलेल्या दुभंगलेल्या फाट्याच्या कानात ८ मिमीची पिन असते आणि भोक एका दिशेने ८.७ मिमीपर्यंत वाढलेले असते, असे चित्र बहुतेक जुन्या गाड्यांत दिसते. अशा भोकात हातातल्या ड्रिलने मोठे भोक पाडू नये, कारण ड्रिल झिजलेल्या बाजूकडेच ओढले जाते आणि नवे भोक मूळ केंद्रापासून सरकते. फाटा उभ्या ड्रिल मशिनवर शिकंज्यात पक्का धरून, दोन्ही कान एकाच फेरीत, शेवटचा हात रीमरने (भोक नेमक्या मापाचे व गुळगुळीत करणाऱ्या अवजाराने) देऊन १० मिमी करावेत आणि त्यांत १० मिमी बाहेरचा व ८ मिमी आतला व्यास असलेले पोलादी बुश दाबून बसवावेत. यामुळे मूळ मापाची पिन कायम राहते आणि पुढच्या वेळी फक्त बुश बदलून भागते. भोकाभोवती पुरेसे पोलाद उरत नसेल, तर भोक वेल्डिंगने भरून नव्याने पाडावे लागते.

पिन हरवलेली असते तेव्हा मिळेल तो बोल्ट घातला जातो आणि दुरुस्तीनंतर लवकर खेळ येण्याचे हे मोठे कारण आहे. बोल्टचे आटे भोकात आले तर ते कानशीसारखे काम करतात. बोल्ट वापरायचाच असेल तर ८.८ दर्जाचा, असा निवडा की सांध्याच्या संपूर्ण रुंदीत त्याचा गुळगुळीत भाग येईल आणि आटे वॉशरच्या बाहेरच सुरू होतील. नायलॉक नट लावा आणि तो फाट्याचे कान आवळले जाणार नाहीत इतपतच घट्ट करा. सांधा आपल्या वजनाने सहज वळला पाहिजे, पण बाजूला हलता कामा नये. वेल्डिंगची वेळ आली तर तो भाग गाडीवरून काढूनच करा. गाडीवरच करणे भाग असेल तर बॅटरीची तार सोडा आणि पेट्रोल-डिझेलच्या नळ्या कुठून जातात ते आधी पाहा. दोन्ही टोके बंद असलेल्या पोकळ रॉडमध्ये ग्रीस असेल तर तो तापवू नये. आतला दाब वाढून तो फुटू शकतो. वेल्डिंगनंतर रॉडवर दोरा ताणून तो सरळ आहे ना, हे अवश्य तपासा.

लिव्हरच्या बुडाशी गोळा, त्याची नायलॉनची वाटी आणि स्प्रिंग असते. वाटीला तडा गेला असेल तर बदला आणि जुने ग्रीस पूर्ण काढून नवे भरा. फोक्सवॅगनसारख्या रचनेत लिव्हरखाली रिव्हर्स अडवणारी एक पट्टी असते. ती काढण्यापूर्वी तिची दिशा टिपून ठेवा; उलटी बसली तर रिव्हर्स मिळत नाही आणि दोष नसलेल्या ठिकाणी शोध सुरू होतो. ग्रीसबद्दल एवढेच की रबराला खनिज तेलाचे ग्रीस लावू नका, नैसर्गिक रबर त्याने फुगून मऊ पडते. तिथे सिलिकॉन ग्रीस वापरा. पोलाद आणि नायलॉन यांना लिथियम ग्रीस चालते. सांध्यांवरची फाटलेली रबरी आवरणे (बूट) मात्र न चुकता बदला, कारण सांधा टिकतो तो ग्रीसपेक्षा धूळ बाहेर राहिल्यामुळे.

आता समायोजनाविषयी, आणि इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. उमेदवारीच्या काळात एका व्हॅनचा दुसरा गिअर नीट पडत नव्हता, तेव्हा मी झीज न शोधता रॉडचा क्लॅम्प सैल केला, दोन-तीन मिमी सरकवला आणि दुसरा गिअर मिळाल्यावर गाडी देऊन टाकली. तीन महिन्यांनी तीच गाडी पहिला गिअर निसटतो म्हणून परत आली. दुसऱ्याला जे दिले होते ते पहिल्याकडून काढून घेतले होते, कारण खेळ तेवढाच होता, फक्त त्याची जागा बदलली होती. पहिला गिअर बराच काळ अर्धवट पकडीने चालल्यामुळे त्याच्या दातांच्या कडा गोल झाल्या होत्या आणि मुळात निर्दोष असलेला गिअरबॉक्स शेवटी उघडावा लागला. तेव्हापासून सगळा खेळ काढल्याशिवाय मी क्लॅम्पला पान्हा लावत नाही, आणि तुम्हीही लावू नये.

सगळे सांधे घट्ट झाल्यावर समायोजन सोपे असते. गिअरबॉक्सचा शाफ्ट न्यूट्रलमध्ये ठेवा. आतल्या स्प्रिंगमुळे तो ज्या गेटसमोर आपोआप थांबतो, त्याच गेटसमोर वर लिव्हर उभा करा. काही गाड्यांत लिव्हर या जागी अडकवण्यासाठी पिनचे भोक दिलेले असते, ते असेल तर वापरा. मदतनिसाला लिव्हर तसाच धरायला सांगून क्लॅम्प आवळा. नंतर एकेक गिअर टाका आणि गिअर पूर्ण बसल्यावर लिव्हर आणखी किंचित पुढे जातो का, ते पाहा. प्रत्येक गिअरमध्ये ही शिल्लक थोडी तरी असली पाहिजे आणि समोरासमोरच्या गिअरमध्ये ती साधारण सारखी असली पाहिजे. एका गिअरमध्ये लिव्हर डॅशबोर्डला, खुर्चीला किंवा तळाच्या पत्र्याला टेकत असेल, तर तो गिअर अर्धवट पडत आहे असे समजा.

तुमच्या तिसऱ्या गिअरच्या निसटण्याचा निवाडा याच टप्प्यावर होतो. मदतनिसाने लिव्हर तिसऱ्यात शेवटपर्यंत ढकलून धरावा आणि तुम्ही खालून शाफ्ट त्याच दिशेने हाताने ढकलून पाहा. शाफ्ट आणखी सरकून टप्प्यात बसला, तर लिंकेज त्याला पूर्ण पोचवत नाही आणि दोष बाहेरचा आहे. शाफ्ट आधीच पूर्ण आत असेल, तर पुढचा संशय इंजिन-गिअरबॉक्सच्या रबरी माउंटिंगवर घ्या. एक्सिलरेटर सोडताच इंजिनाच्या ओढीची दिशा उलटते; माउंटिंगचे रबर फाटले असेल तर सगळा संच पुढे-मागे डुलतो, रॉड मात्र गाडीच्या सांगाड्याला धरून असतो, आणि या दोघांतल्या ओढाताणीत गिअर बाहेर खेचला जातो. चालत्या गाडीत एक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना लिव्हर लक्षणीय पुढे-मागे होत असेल, तर माउंटिंग पाहाच. लिव्हरभोवतालचा नवा, ताठर रबरी बूटसुद्धा लिव्हरला न्यूट्रलकडे ओढू शकतो. तो काढून एक फेरी मारली की कळते. हे सगळे निर्दोष निघाले आणि तिसरा तरीही निसटत राहिला, तर आतली गोळी-स्प्रिंग किंवा गिअरचे पकडीचे दात झिजले आहेत. त्या वेळी गिअरबॉक्स उतरवणे योग्य ठरेल आणि तेव्हा मी तुम्हाला टाळा असे म्हणणार नाही.

तुमच्या व्हॅनचा लिव्हर स्टिअरिंगच्या खांबावर असेल तर रचना थोडी वेगळी असते. खांबाच्या तळाशी दोन छोटे लिव्हर असतात आणि झीज झाल्यावर एक पूर्ण न्यूट्रलला येण्याआधीच दुसरा पकडला जातो, त्यामुळे सगळे एकदम अडकते. इंजिन बंद करून, बॉनेटखालून दोन्ही लिव्हर हाताने समोरासमोर आणले की गाडी मोकळी होते. कायमचा उपाय मात्र तिथले बुश आणि रॉडच्या टोकांचे ग्रोमेट (भोकात बसणारी मऊ कडी) बदलणे हाच. केबलचे लिंकेज असेल तर केबलच्या टोकांच्या प्लॅस्टिक वाट्या तपासा. त्या बदलता येतात, पण आतून जड झालेली केबल दुरुस्त करण्याच्या नादी लागू नका, ती बदला आणि नवी केबल सायलेन्सरपासून दूर, तीव्र वळण न देता न्या.

काम सुरू करण्यापूर्वीच रस्त्यात जोड तुटला, तर घाबरू नका. गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट उभ्या उभ्या, गाडीखाली न शिरता हाताला येत असेल, तर हाताने दुसऱ्या गिअरमध्ये ढकला. क्लच दाबून इंजिन सुरू करून त्या एकाच गिअरवर सावकाश जवळच्या सुरक्षित ठिकाणापर्यंत पोचता येते. शाफ्ट हाताला येत नसेल तर गाडी ओढून न्यावी. तारेने किंवा पट्ट्याने बांधलेला जोड जवळच्या सुरक्षित ठिकाणापलीकडे वापरू नये, कारण तो सुटला की नेमका चढावर किंवा चौकात सुटतो.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, सगळे गिअर वर-खाली दोन्ही दिशांनी टाकून करा आणि रिव्हर्स गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका. नवे बुश पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये जागेवर बसतात, त्यानंतर एकदा खाली जाऊन क्लॅम्पवरची तुमची खूण सरकली आहे का ते पाहा आणि सगळे नट पुन्हा तपासा. मोजलेले आकडे मात्र फेकू नका. वर्षभराने बोट ठेवून पुन्हा मोजाल, तेव्हा कोणता सांधा आधी झिजू लागला आहे हे त्याच कागदावरून कळेल.